तीस सेकंदांचा धोटा
अ‍ॅनिमेशनच्या ट्रेलरमध्ये पूर्ण गोष्ट सांगायची नसते. पात्र कोण, त्याला काय हवे आणि आडवे काय येते, एवढे दाखवले की पुरे. विद्यार्थी सुरुवात पात्रापासून करतात, तेच बरोबर. यंत्रमागांच्या भिवंडीतल्या मुलांना त्यासाठी परदेशी सुपरहिरो उसना आणायची गरज नाही. यंत्रमागावर या टोकापासून त्या टोकाला धावणारा धोटा हे आयते पात्र आहे, आणि धागा तुटला की संकटही तयार! पात्राचे समोरून, बाजूने, मागून काढलेले तक्ते झाले की स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रक्रम, येतो. खरी मेहनत त्यापुढे. सेकंदाला २४ चौकटी. एक चित्र दोन चौकटी टिकवले तरी तीस सेकंदांच्या ट्रेलरला ३६० चित्रे लागतात. धाव घेण्याआधी धोटा किंचित मागे रेलला पाहिजे, आपटल्यावर चेपला पाहिजे. ही चार-दोन चित्रे वाचवली की पात्र मेलेच. ब्लेंडर, क्रिटा ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यामुळे खर्च मुख्यतः वेळेचा. साधनेही साधी चालतात: दादासाहेब फाळक्यांनी तर ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात नुसत्या काड्याच एकेक चौकटीने हलवल्या होत्या. पार्श्वध्वनी शेवटी चढवतात. मागाचा खडखडाट मोबाइलवर टिपता येतो, आणि त्यासाठी भिवंडीत फार लांब जावे लागत नाही.