शेगडीवरचा बर्गर

बर्गर हा परका पदार्थ. त्याच्यासाठी या पानावर जागा कशाला, असे म्हणणारे वाचक निघतील. त्यांना इतकेच सांगणे आहे की, बटाटा आणि मिरचीही समुद्रापलीकडून आली, आणि ज्या पेटीवर मी रोज मुलांना सूर दाखवतो ती पेटीही युरोपातलीच. आलेली वस्तू आपण कशी वापरतो, एवढाच प्रश्न खरा असतो.

भंवरकुआंला तर हा प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहतो. 1891 साली स्थापन झालेले होळकर कॉलेज इथेच, विद्यापीठ जवळ, आणि स्पर्धापरीक्षांचे वर्ग गल्लोगल्ली. निमाड, खानदेश, बुंदेलखंड अशा मुलखांतून आलेली पोरे भाड्याच्या खोल्यांत राहतात, मेसचा डबा खातात आणि जिभेला चव हवी झाली की गाडीवर बर्गर घेतात. त्या बर्गरात मला सॉसची चव लागते, मेयोनीजची लागते. आतल्या टिकियेची मात्र लागत नाही. मुलांना वाटते, बर्गर म्हणजे हेच. माझे म्हणणे असे की, बर्गरची चव बाटलीत नसून निखाऱ्यावर आहे, आणि ती काढायला हातभर लांबीची लोखंडी शेगडी पुरते.

याचा पुरावा माळव्यातल्या प्रत्येक घरात आहे. डाळीला किंवा भरताला धुंगार देताना आपण वाटीत पेटता निखारा ठेवतो, त्यावर तुपाची धार सोडतो आणि झाकण घालतो. वास येतो तो नुसत्या कोळशाचा नव्हे. निखाऱ्यावर पडलेल्या तुपाचा. शेगडीवर खिम्यातली चरबी थेंबाथेंबाने गळते आणि तेच काम करते. म्हणून अगदी निपटलेला, चरबी नसलेला खिमा बर्गराला निरुपयोगी. बोकडाचे मांस मुळात कोरडे. खाटकाला सांगून पाचवा हिस्सा चरबी घालून घ्यावी.

दुसरी गोष्ट मिठाची. आपल्याकडे सीख कबाब चांगला होतो, म्हणून लोक बर्गरचा खिमाही तसाच मीठमसाला घालून मळतात. तिथेच घोटाळा होतो. मीठ मांसातली प्रथिने सैल करून चिकट बनवते. सळईला धरून राहायचे असते म्हणून कबाबाला तो चिकटपणा हवाच. बर्गर मात्र दाताखाली भुसभुशीत सुटला पाहिजे. तेव्हा खिमा मळू नये, हलक्या हाताने चपटा करावा, मधोमध अंगठ्याने किंचित खळगा पाडावा, म्हणजे भाजताना तो फुगून चेंडू होत नाही. आणि मीठ शेगडीवर ठेवण्याच्या क्षणी वरून भुरभुरावे.

आता निखाऱ्याविषयी. माझे वडील होळकर दरबारात सारंगी वाजवीत. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते विशीतच होते, आणि मी त्यांचे उतारवयातले अपत्य. सारंगीला 35च्या आसपास तरफा असतात. त्या मनासारख्या जुळेपर्यंत ते गज उचलत नसत, मग समोर कोणीही बसलेले असो. शेगडीचेही तसेच आहे. कोळसा लाकडी घ्यावा. दगडी कोळशाच्या गंधकी धुरावर खाण्याची वस्तू भाजू नये. पेटवल्यावर ज्वाळा आणि धूर संपून निखाऱ्यांवर पांढुरक्या राखेची साय येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे जातात. पोरे नेमकी याच वेळात घाई करतात, आणि मांस बाहेरून काळे, आतून कच्चे निघते.

शेगडी लहान असली तरी निखारे सगळीकडे पसरू नयेत. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू मोकळी. जाळीपासून चार बोटे वर तळहात धरावा. तीन-चार अंक मोजेपर्यंत सहन झाला तर आच बरोबर. आधी निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस रंग आणावा. चरबीने भडका घेतला की टिकिया मोकळ्या बाजूला सरकवावी आणि तिथेच शिजू द्यावी. उलथन्याने दाबण्याचा मोह आवरावा. दाबल्यावर चुर्रर्र आवाज येतो तो ऐकायला गोड, पण त्या आवाजातच बर्गराचा रस निखाऱ्यात जातो.

खिम्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात. दळल्यावर ते आतवर मिसळतात. म्हणून बर्गर मधोमध 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापलाच पाहिजे, कोंबडीचा 74 पर्यंत. रंगावर विसंबू नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर हल्ली सहज मिळतो. शेवटी बन मधोमध कापून, लोणी लावून कडेच्या आचेवर शेकावा. कांद्याची चकती, थोडे मीठ, लिंबू. एवढ्यावर सॉसची आठवण होत नाही. शाकाहारी मंडळींनी बटाट्याची टिकिया जाळीवर ठेवू नये, ती फुटते; पनीरचा जाड तुकडा तुपाचा हात लावून भाजावा. गळणारे तूप आपले काम करते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला जिवाचा. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि बंद खोलीत तो झोपेतच माणूस नेतो. थंडीत शेगडी आत घेऊन निजलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. म्हणून शेगडी गच्चीवर किंवा अंगणात, उघड्या आभाळाखालीच. आणि काम संपल्यावरही राख पुरती थंड होईपर्यंत ती घरात आणू नये. या बाबतीत सवलत नाही.

दुसरा आक्षेप हवेचा. इंदूरने 2017पासून स्वच्छतेत देशात नाव मिळवले, त्या शहरात धूर कशाला? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकरी-भट्ट्या सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर नेण्यास सांगितले, ते मला योग्यच वाटते. रोज दिवसभर पेटणाऱ्या भट्टीखाली शेजारी राहतात. पण महिन्यातून एकदा गच्चीवर पेटणारी वीतभर शेगडी आणि ती भट्टी यांना एका मापाने मोजू नये. शिवाय डोळ्यांत पाणी आणणारा दाट धूर अर्धवट पेटलेल्या कोळशाचा आणि भडकलेल्या चरबीचा असतो. जो निखारा पिकू देतो आणि भडका टाळतो, त्याच्या हातून धूरही कमी होतो आणि चवही चांगली येते.

भंवरकुआंची मुले तीन-चार वर्षांत गावोगाव पांगतात. उत्तीर्ण कोण होईल, हे त्यांच्या हाती पुरते नसते. परंतु घर सोडून राहिलेल्या माणसाला एक तरी पदार्थ मुळापासून, स्वतःच्या हाताने करता यावा, आणि तो चार सोबत्यांना वाढता यावा, हे मात्र त्यांच्या हातात आहे. घरमालकांनी गच्चीची किल्ली एक संध्याकाळ द्यावी, पाण्याची बादली जवळ ठेवायला सांगावी, आणि जमल्यास स्वतःही पंगतीला बसावे.