आकडा आडनाव विचारत नाही?

गेल्या डिसेंबरात एका रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन आला. ती रसायनशास्त्रात पीएच.डी. आहे आणि तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. "भाई, तू कॉम्प्युटरवाला. माझा एच-इंडेक्स इतका कमी का दिसतो, ते जरा बघ ना." सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी तिने एके ठिकाणी अर्ज केला होता. फॉर्ममध्ये एच-इंडेक्सचा रकाना होता. इंटरनेटवर दिसला तो आकडा तिने भरला : ३. मुलाखतीला बोलावणं आलं नाही. छाननीत नेमकं काय झालं, हे कुणी कळवत नसतं. पण तो ३ तिच्या मनाला लागला होता.

मी सॉफ्टवेअर लिहितो, संशोधक नाही. तरी विस्कटलेला डेटा ओळखणं हा माझा रोजचा धंदा आहे. अर्ध्या तासात घोळ सापडला. तिचे शोधनिबंध एका नव्हे, तीन माणसांच्या नावावर होते. एका पानावर सहा निबंध, एच-इंडेक्स ३. दुसऱ्या पानावर चार निबंध, एच-इंडेक्स २. अकरावा निबंध भलत्याच एका शेखच्या खात्यात जमा. कारण साधं होतं. आपल्या ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डवर दुसरं आणि गाइडने टाइप करून पाठवलं ते तिसरं. मधलं वडिलांचं नाव कधी पूर्ण, कधी फक्त आद्याक्षर, कधी गायबच. मशीनला वाटलं, या तीन वेगळ्या बाया आहेत.

आता हा एच-इंडेक्स म्हणजे काय, ते तिच्याच आकड्यांवरून पाहू. एखाद्या निबंधाचा उल्लेख इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला, त्याला सायटेशन म्हणतात. तिचे अकराही निबंध एकत्र करून सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडले तर यादी होते : १४, ११, ९, ७, ६, ४, २, १, १, १, ०. वरून मोजत जायचं. पाचव्या निबंधाला निदान ५ सायटेशन आहेत का? ६ आहेत, म्हणजे आहेत. सहाव्याला निदान ६ आहेत का? नाहीत, ४ आहेत. म्हणून तिचा एच-इंडेक्स ५. तीन ठिकाणी विखुरलेलं काम एका नावाखाली येताच ३ चा ५ झाला. कामात एका अक्षराचीही भर पडली नव्हती.

हे माप कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली सुचवलं. त्याआधी, १९६० च्या दशकात, यूजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू करून कोण कुणाचा संदर्भ देतो याची नोंद ठेवण्याची पद्धत पाडली होती. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ त्याच घरातला. त्यात आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाले ते पाहतात. तो जर्नलचा आकडा आहे, माणसाचा नव्हे. तरीही आपल्याकडे तो सर्रास माणसाच्या नावापुढे लावला जातो.

आकड्यांना शिव्या देणं सोपं आहे. मी देणार नाही आणि तुम्हीही घाई करू नका. आपल्या घरांत मुलगा किंवा मुलगी मुलाखतीला निघाली की पहिला प्रश्न येतो, "आत कुणाची ओळख आहे का?" ज्याचा मामा विद्यापीठात नाही, चाचा संस्थेच्या मंडळावर नाही, त्याच्या हातात दाखवायला काय उरतं? मार्क, डिग्री आणि हे आकडे. आकडा आडनाव विचारत नाही, मोहल्ला विचारत नाही. "माझे इतके निबंध, त्यांना इतक्या लोकांनी वापरलं," असं नजरेला नजर देऊन सांगता येतं. ओळखीपाळखीच्या बाजारात ही छोटी गोष्ट नाही. आकडे पार काढून टाकले तर त्यांची जागा शहाणा विवेकच घेईल याची खात्री नाही, बहुधा फोन घेतील.

पण आकडा आडनाव विचारत नसला तरी आडनावापाशी अडखळतो, हे आम्ही त्या रात्री पाहिलं. तो आणखीही अनेक ठिकाणी अडखळतो.

पहिली गोष्ट विषयांची. गणितात निबंध कमी निघतात आणि सायटेशन सावकाश जमतात, वैद्यकशास्त्रात दोन्ही भराभर वाढतात. या दोघांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवणं म्हणजे ज्वारी आणि केळी एकाच मापाने मोजणं. दुसरी गोष्ट भाषेची. मोठे डेटाबेस मुख्यत्वे इंग्रजीवर उभे आहेत. कुणी मराठीत किंवा उर्दूत दख्खनी भाषेवर, कोकणातल्या मुसलमानांच्या बोलीवर पुस्तक लिहिलं, तर ते या मापात जवळजवळ दिसतच नाही. आपल्या समाजाबद्दलचं बरंचसं काम असं मापाबाहेरच राहतं.

तिसरी गोष्ट सहलेखकांची. हिग्ज कणाच्या वस्तुमानावर २०१५ मध्ये सर्नच्या दोन प्रयोगगटांनी मिळून जो निबंध छापला, त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नावांची आणि संस्थांची. एवढ्या मोठ्या यंत्रावर ते रास्तच होतं. पण एच-इंडेक्स काढताना त्या प्रत्येकाला तो निबंध पूर्ण मिळतो आणि दोघांनी रात्री जागून लिहिलेला निबंधही तेवढाच मिळतो. ज्याने प्रयोग केला आणि ज्याचं नाव फक्त मान म्हणून घातलं, त्यांच्यातला फरक या मापाला कळत नाही.

चौथी गोष्ट फसवणुकीची. २०१० साली फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी ‘आइक अँटकारे’ नावाचा एक संशोधक पैदा केला. हा माणूस अस्तित्वातच नव्हता. त्याचे निबंध एका प्रोग्रॅमने तयार केलेले निरर्थक मजकूर होते आणि ते एकमेकांचे संदर्भ देत होते. तरी गूगल स्कॉलरच्या नोंदींवरून त्याचा एच-इंडेक्स ९४ भरला. यादी मोजून एच-इंडेक्स काढणारा कोड मी पाच ओळींत लिहू शकतो. माणूस खरा आहे का, हे त्या पाच ओळी कुठेच विचारत नाहीत.

आणि जे मोजलं जातं त्यावर पगार-बढती ठरली की बाजार उभा राहतोच. यूजीसीने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारी एपीआय पद्धत आणली. निबंधाला गुण म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स फोफावली. त्यांना आवर घालायला यूजीसी-केअर यादी निघाली आणि तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाकडे आलं. २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली. पीएच.डी.साठी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांत गेली होती. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २०२३ मध्ये जगभरात १०,००० हून अधिक निबंध मागे घेतले गेले आणि त्यातले ८,००० हून अधिक एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे होते.

खुद्द हिर्श यांनी २०२० मध्ये लिहिलं की आपण शोधलेलं हे माप सपशेल चुकूही शकतं आणि त्याचे वाईट परिणाम होऊ शकतात. पीटर हिग्ज यांनी आपला सिद्धान्त १९६४ साली मांडला आणि २०१३ साली त्यांना नोबेल मिळालं. मधल्या काळात त्यांनी फार थोडे निबंध लिहिले. आजच्या पद्धतीत मला नोकरीच मिळाली नसती, असं ते स्वतःच म्हणाले. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे द. रा. कापरेकर शाळामास्तर होते. ६१७४ ही संख्या आज जगभरात ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. छाननीच्या कुठल्या रकान्यात ते बसले असते?

मग करायचं काय? संशोधकांच्या जगाने यावर विचार केलेला आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेला ‘डोरा’ जाहीरनामा सांगतो की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका. २०१५ चा ‘लायडन जाहीरनामा’ दहा तत्त्वं देतो. त्यातली तीन आपल्या उपयोगाची आहेत. आकड्यांनी जाणकारांच्या निर्णयाला मदत करावी, त्याची जागा घेऊ नये. स्थानिक प्रश्नांवरच्या संशोधनाला संरक्षण हवं. आणि ज्याचं मूल्यमापन होतं, त्याला आपला डेटा तपासता आला पाहिजे. हे तिसरं तत्त्व माझ्या बहिणीला त्या फॉर्मच्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून दोस्तहो, संशोधनाच्या वाटेवर असाल तर एवढं कराच. पहिल्या निबंधाआधी आपल्या नावाचं एकच स्पेलिंग ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मुलींनो, लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण निबंधावरचं नाव बदलताना दहा वेळा विचार करा. ऑर्किड नोंदणी फुकट आहे. २०१२ पासून चालू असलेला हा सोळा अंकी क्रमांक एकदा घेतला की नाव कसंही लिहिलं गेलं तरी काम तुमच्या खात्यात जोडता येतं. वर्षातून दोनदा आपलं पान उघडून दुसऱ्याचे निबंध काढा, आपले राहिलेले जोडा. दुसऱ्याचं श्रेय चुकून आलं असेल तर तेही परत करा. अर्जासोबत अर्ध्या पानात लिहा : माझे तीन महत्त्वाचे निबंध कोणते, त्यात माझा हात कितपत होता, ते कुणाच्या कामी आले.

आणि ज्या थोड्यांना आज निवड समितीत बसायची संधी मिळाली आहे, त्यांना विनंती. शेवटच्या पाच उमेदवारांचा प्रत्येकी एक निबंध तरी वाचा. दुसऱ्या कुणाच्या विषयाचा असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. आकड्यावर छाननी करायचीच असेल, तर तो कुठून घ्यायचा ते जाहिरातीत लिहा आणि उमेदवाराला दुरुस्तीची मुदत द्या.

त्या रात्री बहिणीने फोन ठेवता ठेवता आणखी एक विचारलं होतं. तिला व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता : सात दिवसांत निबंध छापून देतो, सर्टिफिकेटसह, फी अमुक. "भाई, सगळेच करतात. करू का?" मी लगेच नाही म्हणू शकलो नाही. मला महिन्याचा पगार मिळतो, तिला तासाचे पैसे, तेही उशिरा. उपदेश करणं मला स्वस्त होतं. मी एवढंच म्हणालो, "आधी जे तुझं आहे ते गोळा करू." पहाटे एकपर्यंत आम्ही अकरा निबंध एका नावाखाली आणले. मग तिनेच तो मेसेज डिलीट केला.

नवा अर्ज गेला आहे. रकान्यात ५ आहे, सोबत अर्ध्या पानाचा कागद आहे. निकाल अजून लागलेला नाही. तिला नोकरी मिळेल की नाही, हे त्या ५ वरून सांगता येत नाही. पण या वेळी जो कोणी नकार देईल, तो निदान तिच्याच कामाला देईल, तिच्या नावाच्या स्पेलिंगला नाही.