स्टेज डेअरिंग म्हणजे नेमकं काय?



शाळेच्या स्नेहसंमेलनापासून विकास सोसायटीच्या सभेपर्यंत एक इंग्रजी शब्द आपल्या तोंडी बसला आहे, 'स्टेज डेअरिंग'. पोरगं माईकपुढं चार वाक्यं न अडखळता बोललं, की "त्याला स्टेज डेअरिंग आलं" असं आपण म्हणतो. शब्द दिसायला इंग्रजी, पण या अर्थानं तो आपल्याकडंच घडला. इंग्रजीत लोकांसमोर बोलण्याच्या कलेला 'पब्लिक स्पीकिंग' म्हणतात आणि त्या वेळी पाय लटपटतात त्याला 'स्टेज फ्राइट'. 'डेअरिंग' म्हणजे नुसतं धाडस. शब्द आपला झाला, हरकत नाही. पण धाडस आणि मांडणी यांची गल्लत आपल्याला महागात पडते.

वार्षिक सर्वसाधारण सभेचंच बघा. सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ती घ्यावी लागते. म्हणजे वर्षातून एकदाच मालकाला हिशेब विचारायची संधी. त्या दिवशी ज्याला डेअरिंग आहे तो उठतो, आवाज चढवतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. प्रश्न कोणता होता, हे कोणालाच सांगता येत नाही. ज्याच्याकडं खरा प्रश्न आहे, तो "आपल्याला स्टेज डेअरिंग नाही" म्हणून मागच्या रांगेत गप्प. शेवटी "मंजूर, मंजूर" म्हणून आपण जेवणाकडं वळतो.

आता आकडा हातात असला की काय होतं ते पाहा. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये एफआरपी ठरवली. त्यावरील दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे वाढ. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे 3,460 रुपये झाले. "अध्यक्षसाहेब, उतारा 0.1 टक्क्यानं का घटला?" एवढं एकच वाक्य पुरे. तसंच 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत बिल आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज सांगितलं आहे. त्याचा प्रश्नही दोन ओळींत विचारता येतो. याला भाषण लागत नाही.

म्हणून माझं मत असं, की स्टेजवर खुर्ची मिळालेल्याला डेअरिंग लागत नाही. ती लागते मांडवातून उठणाऱ्याला, आणि निम्मी अहवाल वाचल्यानंच येते. अहवाल हाती आला की रद्दीत टाकू नका. पोरांना जवळ बसवून वाचून घ्या. आयाबायांच्या नावावर शेअर आहेत, त्यांनीही ऐकावं. एक प्रश्न चिठ्ठीवर लिहा, आकड्यासकट. सभेत नाव आणि गाव सांगा, प्रश्न वाचा, उत्तर मिळेपर्यंत उभे राहा. आवाज कापला तर कापू दे. इतिवृत्तात आवाज लिहीत नाहीत, प्रश्न लिहितात.

येत्या सभेला प्रत्येक गावातून असा एक तरी सभासद उठावा, एवढीच नम्र विनंती.

एक ऊस उत्पादक सभासद