मिळवत्याने पुन्हा पाटी धरावी काय?

क्ष-किरण विभागात नोकरीस असलेला आमचा एक जुना विद्यार्थी पदव्युत्तर अध्ययनास जाऊ इच्छितो. घरची मंडळी म्हणतात, "मिळवता झाल्यावर आता पाटी कसली?"

राँटजेनने १८९५ साली क्ष-किरण शोधिले, तेव्हा सावलीचे चित्र तेवढे घ्यावयाचे होते. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले व शरीराचे छेद दिसू लागले. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नाहीतच, प्रबळ चुंबक आहे. किरणांची मात्रा किती पुरे, रुग्णाच्या अंगात धातू आहे काय, हे यंत्र चालविणाऱ्याने जाणलेच पाहिजे. त्याचे अज्ञान रुग्णास भोवते.

ज्या अमळनेरात १९१६ साली उच्च अध्ययनार्थ तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेथील वडीलधाऱ्यांनी तरी दोन वर्षे त्याच्या संसाराचा भार वाटून घ्यावा. आम्ही त्यास "अवश्य जा" असेच सांगितले आहे.