फोल्डरची कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे

मंडळी, "बॅकअप आहे ना, मग काळजी कशाला?" हे वाक्य हल्ली पतसंस्थेपासून शाळेच्या कचेरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं.

इथे रांजणगावात एका संस्थेचा सर्व्हर बसला. त्यावरच्या तीन डेटाबेसपैकी ठेवींचा तेवढा तातडीने हवा होता. रोज रात्री सर्व्हर बंद करून मायएसक्यूएलच्या सगळ्या फायलींची कॉपी व्हायची. त्यातलं एकच फोल्डर उचलून नव्या मशीनवर ठेवलं. टेबलांची नावं यादीत दिसली, पण उघडायला जावं तर "असं टेबल अस्तित्वात नाही"!

कारण मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं. पूर्वीच्या मायआयसॅम पद्धतीत अशा फायली उचलून नेल्या तरी चालायचं. २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी ही पद्धत रूढ झाली. तिच्यात टेबलाची फाईल वेगळी असली तरी तिचा क्रमांक एका सामाईक फाईलमध्ये नोंदलेला असतो. ताजे बदल कधी कधी लॉगच्या फाईलमध्येच असतात. २०१८ च्या ८.० आवृत्तीत नोंदींची फाईल बदलली, पण ती सामाईकच राहिली.

आपल्या सातबाऱ्याचंच घ्या ना. खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. त्याचा खुलासा फेरफाराच्या वहीत. शिरूरच्या गावाचं एक पान दौंडच्या दप्तरात नेऊन लावलं तर तो क्रमांक तिथे भलत्याच व्यवहारावर बोट ठेवील. पान खरं, पण आधार तुटलेला.

शेवटी त्या विद्यार्थ्याने तीच आवृत्ती दुसऱ्या मशीनवर घालून सगळ्या फायली एकत्र ठेवल्या, सर्व्हर चालू केला आणि हवा तो डेटाबेस मायएसक्यूएल-डंपने बाहेर काढला. कॉपी चालू सर्व्हरवरून घेतलेली असती, तर हेही साधलंच असतं असं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक डेटाबेसचा डंप रोज वेगळा काढावा आणि अधूनमधून तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावा. मुलाने पाठ केलंय म्हणून आपण मार्क देत नाही, म्हणून दाखवायला लावतो. तसंच हे.

त्या टेबलांत कुणाचे कांद्याचे पैसे आहेत, कुणाच्या मुलीच्या लग्नाची ठेव आहे. त्यांना इनोडीबी ठाऊक असण्याची गरज नाही. ज्यांच्या हाती दप्तर आहे त्यांना मात्र ठाऊक असायलाच हवी. पटतंय का बघा.