शब्दांच्या वाटेनें : पादप आणि त्याची धात्री

वृक्षाला संस्कृतांत 'पादप' म्हणतात. पायांनीं पितो तो पादप. अमरकोशाबरोबर हा शब्द लहानपणींच पाठ होतो, आणि त्याचा अर्थ इतका उघड असतो कीं, त्यावर पुन्हा विचार करण्याचें कारण पडत नाहीं. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञांस विचाराल तर ते सांगतील कीं, बहुतेक वृक्ष ज्या पायांनीं पितात, ते पाय निव्वळ त्यांचे नव्हेत.

ही गोष्ट ठळकपणें मांडली ती आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक या जर्मन पंडितानें, १८८५ सालीं. जमिनीच्या पोटांत वाढणाऱ्या ट्रफल नांवाच्या महागड्या अळंबीची लागवड साधेल काय, हें पाहण्याचें काम प्रशियाच्या सरकारनें त्याच्याकडे सोंपविलें होतें. ट्रफलची शेती राहिली बाजूला. बीच, ओक, पाईन यांचीं कोवळीं मुळें उकरून पाहतां त्यांच्या टोकांवर बुरशीच्या तंतूंचें मोज्यासारखें घट्ट आवरण त्यास आढळलें, आणि मूळ तरीहि निरोगी! या जोडीस त्यानें ग्रीक शब्द जुळवून 'मायकोरायझा', म्हणजे बुरशीमूळ, असें नांव दिलें आणि ही बुरशी वृक्षाची धात्री होय असें प्रतिपादन केलें. बुरशी म्हणजे रोग, ही त्या काळची समजूत. पुष्कळांनीं नाकें मुरडलीं.

धात्रीवांचून बालकाचे काय हाल होतात, तें पोर्तो रिको बेटावर दिसलें. तेथें पाईन वृक्ष मूळचे नाहींत. बाहेरून आणून वाढवूं पाहिलेलीं रोपें वर्षानुवर्षें पिवळीं पडून मरत. १९५५ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना येथून पाईनच्या रानांतली माती आणून कांहीं रोपांच्या बुडाशीं घातली, तेव्हां तीं तरारलीं. शेजारचीं खुरटींच राहिलीं. मातीबरोबर बुरशी आली होती.

आतां खरा कुतूहलाचा प्रश्न असा कीं, अंधारांत ही पहिली ओळख होते कशी? जमिनींत बुरश्या असंख्य. त्यांत मुळें कुजविणाऱ्याहि कमी नाहींत. मुळानें दार उघडावें तरी कोणास?

याचा फार बारकाईनें अभ्यास झाला आहे तो पॉपलर वृक्ष आणि लॅकॅरिया बायकलर ही अळंबी यांच्या जोडीवर. स्पर्श होण्यापूर्वींच बोलणीं सुरू होतात. लॅकॅरिया एक प्रकारचें बाष्प सोडते. तेवढ्यानेंच पॉपलरच्या मुळास नवे फाटे फुटूं लागतात, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. फाटे जितके अधिक, तितकीं भेटीचीं ठिकाणें अधिक. इकडे मुळांतूनहि कांहीं द्रव्यें पाझरतात आणि त्यांची चाहूल लागतांच बुरशी एक चिमुकलें प्रथिन अधिक प्रमाणांत बनवूं लागते. हें प्रथिन मुळाच्या पेशींत शिरून थेट केंद्रकापर्यंत पोंचतें आणि शत्रूच्या चाहुलीनें मुळाची जी जागल सुरू व्हावयाची, ती मंद करून टाकतें. हें प्रथिन जिला पुरेसें बनवितां येऊं नये अशी व्यवस्था केली, त्या बुरशीला मुळाशीं संसार मांडतां आला नाहीं, असें २०११ सालीं आढळून आलें.

येथें थोडें थबकावेंसें वाटतें. रखवालदारास गुंगी देऊन आंत येणें हें चोराचें लक्षण, धात्रीचें नव्हे. परंतु या पाहुण्याची पुढील वागणूक पाहा. बाहेरच्या पेशींमधल्या फटींतून तंतूंचें जाळें विणलें जातें, पण तंतु स्वतः पेशींत पाऊल टाकीत नाहींत. माजघरापर्यंत येतील, देवघरांत नाहीं. २००८ सालीं लॅकॅरियाचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हां असें दिसलें कीं, वनस्पतीच्या पेशींच्या भिंती विरघळविण्याचीं बहुतेक हत्यारें तिच्यापाशीं उरलेलींच नाहींत. हिच्यासारख्या बुरश्यांचे पूर्वज लाकूड-पाला कुजवूनच पोट भरीत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या निःशस्त्रपणाचें नवल वाटतें. आतां दूरवरून स्फुरद, नत्र आणि पाणी आणून द्यावयाचें आणि पानांनीं उन्हांत रांधलेली साखर घ्यावयाची, असा व्यवहार. साखरहि थोडीथोडकी नव्हे. कांहीं झाडांत ती एकंदर कमाईच्या पांचव्या हिश्श्यापर्यंत जाते, असा अंदाज आहे.

मात्र झाडहि भोळें नसतें. भरपूर खत घातलेल्या मातींत वाढलेल्या रोपांच्या मुळांवर हें आवरण पुष्कळदां विरळ आढळतें. गरज सरो, वैद्य मरो, ही रीत मनुष्याचीच आहे असें नाहीं!

आपल्या अंगणांतल्या आंब्याचा प्रकार निराळा. त्याच्या मुळांवर असें मोज्यासारखें आवरण नसतें, म्हणून नुसत्या डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं; त्याची बुरशी थेट पेशीच्या भिंतीआड शिरते आणि तेथें बारीक फांद्यांचें झुडूप उभें करते. देवघरांत जाणाऱ्या या दुसऱ्या पाहुण्याची हकीकत पुढील अंकीं.