लाल अक्षरांची पहिली ओळ

आपल्याकडच्या घरांत एक मोठी सोय आहे. तूप म्हणा नाहीतर तुप्प म्हणा, वाटीत पडते ती वस्तू एकच. आजी कन्नडमध्ये विचारते, नातू मराठीत उत्तर देतो, आणि कुणाचं काही अडत नाही. ऐकणारा माणूस असला की उरलंसुरलं तो मनातच जुळवून घेतो. कंपायलर मात्र असलं काही जुळवून घेत नाही. आपण लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा आकड्यांच्या भाषेत उतरवणं, हे त्याचं काम. म्हणजे दुभाषाच, पण फार हट्टी. एका अक्षराचा फरक पडला की तो काम थांबवतो आणि लाल अक्षरांत तक्रार लिहून देतो.

या लाल अक्षरांशी माझा संबंध आला तो पादरा गावामुळं. बडोद्याजवळचं हे तालुक्याचं गाव, जुन्या गायकवाडी मुलखातलं. माझी ताई तिथं दिली आहे. दाजींचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळा त्याची गुजराती माध्यमाची, घरची बोली मराठी, आणि इंग्रजी कामापुरतं.

गॅरेजवाल्यांची अडचण आपल्या गावांतही तीच आहे. पूर्वी इंजिनाच्या आवाजावरून रोग कळायचा. आता डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि त्याचं कारण गाडीतल्या कॉम्प्युटरला विचारावं लागतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, तेव्हापासून तर हे विचारल्याशिवाय पान हलत नाही. विचारायचं यंत्र नसलं की गिऱ्हाईक शहराकडं वळतं. दाजींची दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं अशीच गेली. ते बोलून दाखवत नाहीत, पण ताई सांगते.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यातल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर 'कॅन' नावाची जोडतार येते. ही पद्धत बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जगापुढं मांडली. गाडीतले निरनिराळे कॉम्प्युटर या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. हे बोलणं ऐकायला हौशी मंडळी छोटी बोर्डं वापरतात. आर्डुइनो ड्यूवर असतो तसलाच बत्तीस बिटांचा चिप असलेलं मॅकिना एम-टू हे त्यातलं एक. भाच्यानं मित्राकडून तसलंच बोर्ड आणलं. तयार रीडर बाजारात स्वस्तात मिळतो, मग हा उपद्व्याप कशाला, असं मीही विचारलं. तो म्हणाला, "मामा, तो फक्त कोड दाखवतो. मला आत काय चाललंय ते बघायचंय."

आणि तिथंच गाडं अडलं. तीन संध्याकाळी प्रोग्राम कंपाइल होईना. चौथ्या दिवशी ताईचा फोन आला, "हा म्हणतोय मला जमणार नाही, माझं इंग्रजी कच्चं आहे. तू बोल जरा." मी भाषा शिकवणारा माणूस, चिपमधलं मला काय कळणार? पण इंग्रजी वाचता येतं. म्हटलं, पडद्याचा फोटो पाठव.

फोटोत शेवटच्या दहा ओळी होत्या. हे जवळजवळ सगळेच जण करतात. यादी सरकत खाली जाते आणि डोळ्यांसमोर राहतो तो तिचा शेवट. पण एक अर्धविराम राहिला तरी कंपायलर पुढं पुढं अडखळत जातो आणि एका चुकीच्या वीस तक्रारी करतो. त्यामुळं वाचायची ती सगळ्यात वरची तक्रार. ती मिटवायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. खालच्या निम्म्या आपोआप जातात.

त्याच्या वरच्या ओळी वेगळंच सांगत होत्या. मेनूमध्ये बोर्ड म्हणून आर्डुइनो ऊनो निवडलेलं होतं. तो आठ बिटांचा चिप, हा बत्तीस बिटांचा. एकाच्या आतल्या कप्प्यांची नावं दुसऱ्याला ठाऊकच नाहीत. पोरगा मात्र तीन दिवस केबल बदलत बसला होता! कंपाइल होण्यासाठी बोर्ड जोडलेलंसुद्धा लागत नाही. ते काम सगळं कॉम्प्युटरच्या आतच होतं. केबल आणि पोर्ट यांचा प्रश्न येतो तो नंतर, प्रोग्राम बोर्डावर चढवताना.

बोर्ड बदललं, तेव्हा यादी आखूड झाली. आता पहिली ओळ म्हणत होती की 'कॅन कॉमन' नावाची फाईल सापडत नाही. भाचा म्हणाला, "पण मी ती मागितलेलीच नाही!" खरंच नव्हती. त्यानं 'ड्यू कॅन' ही लायब्ररी घेतली होती, आणि तिला स्वतःला 'कॅन कॉमन' लागते. आपण एकाच पाहुण्याला बोलावतो आणि तो सोबत्याशिवाय येत नाही, त्यातला प्रकार. तीही उतरवून घेतली.

मग तक्रार आली की 'सीरियल' हे नाव इथं जाहीर केलेलं नाही. यादी आणि प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर पहिलं अक्षर मोठ्या लिपीत हवं होतं, ते छोटं पडलं होतं. तूप आणि तुप्प! शेवटी उरला एक अर्धविराम. तक्रार अठराव्या ओळीची आणि चूक सतराव्या ओळीत. पुढचा शब्द आल्यावरच मागं काही राहिलं हे त्याला कळतं, म्हणून बोट दाखवतो तिथं नाही सापडलं तर एक ओळ वर बघावं.

या सगळ्यात इंग्रजी किती लागलं? सापडत नाही, जाहीर केलेलं नाही, अपेक्षित होतं. तीनच वाक्यं, नावं तेवढी बदलून. पोराला भीती बसली होती ती इंग्रजीची नव्हे, लाल रंगाची. शाळेच्या वहीत लाल शाई म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे शिक्षा, हे आपणच त्याच्या मनात पक्कं करून ठेवलेलं असतं. याच बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं. तिथले आचार्य गज्जर यांचा आग्रह होता की तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेत द्यावं. त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावरचं पोर आज इंग्रजीच्या धास्तीनं बोर्ड ठेवून देतं, हे मला बरं वाटलं नाही.

प्रोग्राम चढला. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या एका गाडीला बोर्ड जोडलं, इंजिन चालू केलं आणि पाण्याचं तापमान विचारलं. गाडीनं उत्तर दिलं. आकडा आला १२५. भाचा इतका खूश झाला की त्यानं मला व्हिडिओ कॉल लावला. दाजी मागं हात पुसत उभे होते. त्यांनी पडदा बघितला, बोनेटकडं बघितलं आणि म्हणाले, "सव्वाशेवर असती तर हिनं पाणी उकळून बाहेर टाकलं असतं. ही ऐंशी-नव्वदच्या पुढं नाही."

कंपायलरची एकही तक्रार नव्हती. त्याच्या दृष्टीनं सगळं व्याकरणशुद्ध होतं. भाच्यानं नियम पुन्हा काढून वाचला. गाडी तापमान पाठवते ते चाळीस मिळवून पाठवते, म्हणजे शून्याखालची थंडीसुद्धा एकाच आकड्यात बसते. आलेल्या आकड्यातून चाळीस वजा करायचे असतात. त्यानं ते केले. पडद्यावर ८५ आलं.

"आता बरोबर," दाजी म्हणाले, आणि आरपीएम कुठं दिसतंय ते विचारू लागले.